कर्नलमधील वेब सर्व्हर

कर्नलमधील वेब सर्व्हर : ब्राउझरकडून आलेल्या मागण्या स्वीकारून त्यांना उत्तर देण्याचे काम स्वतंत्र प्रोग्रॅमकडे न सोपवता ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातच, म्हणजे कर्नलमध्ये, करण्याची पद्धत. एरवी अपाची, एनजिनएक्स हे सर्व्हर यूजर स्पेसमध्ये, म्हणजे कर्नलबाहेर साध्या प्रोग्रॅमांसाठी असलेल्या भागात, चालतात. तिथे प्रत्येक प्रोग्रॅमची मेमरी वेगळी राखलेली असते आणि डिस्क किंवा नेटवर्क कार्डाचे काम पडले, की सिस्टिम कॉल, म्हणजे कर्नलला कामाची विनंती, करून कर्नलकडेच जावे लागते.

या हेलपाट्यांची किंमत गर्दीच्या वेळी कळते. इंदूरमध्ये अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, निघतात. समजा, तिथल्या एखाद्या मराठी मंडळाने झांक्यांचे फोटो संकेतस्थळावर टाकले आणि पुण्या-मुंबईचे नातेवाईक ते एकाच वेळी उघडू लागले. फोटो मोजकेच, मागणारे हजारो. पहिल्या एक-दोन मागण्यांतच फोटो डिस्कवरून कर्नलच्या पेज कॅशमध्ये, म्हणजे वाचलेल्या फायली हाताशी ठेवणाऱ्या मेमरीत, येऊन बसतो. तरीही साध्या सर्व्हरमध्ये प्रत्येक मागणीला रीड कॉलने त्याची प्रत सर्व्हरच्या बफरमध्ये निघते आणि राइट कॉलने तीच प्रत पुन्हा कर्नलच्या सॉकेट बफरमध्ये, म्हणजे नेटवर्कवर पाठवायच्या मजकुराच्या मेमरीत, जाते. मधल्या टप्प्यात सर्व्हर त्या फोटोचे काहीच करत नाही. तो टप्पा गाळायचा, हा कर्नलमधल्या सर्व्हरचा मूळ हेतू.

लिनक्समध्ये आर्यन व्हान द व्हेन यांचा केएचटीटीपीडी हा कर्नलमधला सर्व्हर कर्नलच्या २.४ आवृत्तीत आला. तो फक्त स्थिर, म्हणजे आहेत तशाच पाठवायच्या, फायली द्यायचा आणि न झेपणारी मागणी यूजर स्पेसमधल्या अपाचीसारख्या सर्व्हरकडे ढकलायचा. इंगो मोल्नार यांनी रेड हॅटसाठी केलेला टक्स (२०००) त्याहून पुढचा होता व वेगाच्या चाचण्यांत गाजला. मुख्य लिनक्स कर्नलमध्ये मात्र तो कधी सामील झाला नाही. केएचटीटीपीडीही २.६ येईपर्यंत काढून टाकला गेला.

वेगाचे श्रेय सर्व्हर कर्नलमध्ये असण्याला नव्हतेच, ते टाळलेल्या प्रतींना आणि कमी झालेल्या सिस्टिम कॉलना होते. हा फायदा यूजर स्पेसलाही देता येतो, हे लवकरच सिद्ध झाले. सेंडफाइल कॉल पेज कॅशमधली फाइल परस्पर सॉकेटकडे पाठवतो. इपोल हा लिनक्सचा दुसरा कॉल हजारो जोडण्यांपैकी नेमक्या कोणत्या तयार आहेत तेवढेच कळवतो. मंडळाच्या फोटोंना एवढे पुरेसे आहे.

विंडोजने दुसरी वाट धरली. विंडोज सर्व्हर २००३ मधल्या आयआयएस ६ पासून एचटीटीपी डॉट सिस हा ड्रायव्हर कर्नलमध्येच मागण्या घेतो, त्यांची फोड करतो आणि कॅशमधली उत्तरे तिथूनच देतो. वेब ॲप्लिकेशनचा कोड मात्र यूजर स्पेसमधल्या वर्कर प्रोसेसमध्ये चालतो. ही विभागणी टिकली, पण तिच्यातला धोका एप्रिल २०१५ मध्ये ढळढळीत दिसला. फाइलचा ठरावीक तुकडा मागण्यासाठी रेंज हेडर असतो. त्यात शेवटच्या बाइटचा क्रमांक म्हणून १८४४६७४४०७३७०९५५१६१५, म्हणजे ६४ बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या, दिली की ड्रायव्हरचा हिशेब चुके. कोणतेही लॉगिन न करता, दूरवरून पाठवलेल्या मागणीने अख्खे मशीन निळ्या पडद्यावर जाऊन कोसळू शकत असे. दुरुस्ती बसवेपर्यंत आयआयएसचे कर्नल कॅशिंग बंद ठेवा, असा उपाय मायक्रोसॉफ्टने सुचवला होता. यूजर स्पेसमध्ये अशा चुकीने सहसा तेवढी एक प्रोसेस मरते आणि ती पुन्हा सुरू करता येते. इंटरनेटवरून कोणीही काहीही पाठवू शकतो. अशा मजकुराची फोड सर्वाधिक अधिकार असलेल्या कोडकडे सोपवणे म्हणूनच जोखमीचे.

एचटीटीपीएस, म्हणजे कूटबद्ध (सांकेतिक रूपातली) देवाणघेवाण, सार्वत्रिक झाल्यावर सेंडफाइलची अडचण झाली, कारण पाठवण्याआधी फाइल कूटबद्ध करायला ती यूजर स्पेसमध्ये आणावीच लागे. लिनक्स ४.१३ (२०१७) मध्ये आलेल्या केटीएलएस या सोयीने हे कूटबद्धीकरण कर्नलमध्ये नेले. प्रमाणपत्र तपासणे आणि कूटबद्धीकरणाच्या किल्ल्या ठरवणे ही गुंतागुंतीची कामे यूजर स्पेसमध्येच राहिली.