तर्फ (कोकणातील जुना भूविभाग)

कोकणातल्या गावांच्या जुन्या महसुली गटाला तर्फ म्हणत. मूळ शब्द अरबी 'तरफ', म्हणजे बाजू किंवा दिशा. काही गावांची एक तर्फ, काही तर्फांचा महाल किंवा तालुका आणि त्यावर सुभा वा प्रांत, अशी मराठेशाहीतली साधारण उतरंड. राजवट बदलली की याच शब्दांचा आवाकाही बदलत असे. म्हणून 'तर्फ म्हणजे इतकी गावे' असा हिशेब मांडण्यात अर्थ नाही.

आज तर्फेला ना कचेरी, ना अंमलदार. शब्द उरला आहे तो गावांच्या नावांत. रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यात दोन दहिवल्या आहेत : दहिवली तर्फे नीड आणि दहिवली तर्फे वरेडी. नवख्याला हे 'तर्फे' निमंत्रणपत्रिकेतल्या 'मंडळातर्फे'सारखे वाटते. प्रत्यक्षात एकाच नावाची दोन गावे दप्तरात वेगळी ओळखू यावीत, ही त्यातली सोय.

तर्फ रूढ होण्याच्या कितीतरी आधी मुलूख ओळखला जाई तो गावांच्या आकड्याने. उत्तर कोकणच्या शिलाहारांचे राज्य चौदाशे गावांचे, तर गोव्याच्या कदंबांचे कोकण नऊशे गावांचे म्हणवले जाई. हे आकडे जनगणनेसारखे वाचू नयेत. ते मुलखाचे नावच होते. शिलाहारांच्या लेखांतला 'षट्षष्टी', म्हणजे सहासष्ट गावांचा विभाग, पुढे साष्टी झाला. मुंबईची उपनगरे आज याच साष्टी बेटावर आहेत. गोव्यातही एक साष्टी आहे, तिची व्युत्पत्तीही सहासष्टाचीच सांगतात. शेजारच्या तिसवाडीतले तीस तर उघडच दिसतात.

तर्फेखाली गाव आणि गावात वाड्या. रत्नागिरीकडे काही वस्त्यांना कोंड म्हणतात. वाडी बहुधा जातीवरून, आडनावावरून किंवा जागेवरून ओळखली जाते : गुरववाडी, तेलीवाडी, वरचीवाडी. अनेक गावांचा शेतसारा खोतामार्फत, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या वतनदारामार्फत, सरकारात जाई. ती खोती 1949 च्या कायद्याने संपवली.

गावाची शीव मात्र सरकारी नकाशाच्या आधीची. पऱ्या किंवा व्हाळ (म्हणजे ओढा), खाडी, डोंगराची धार, नाहीतर एखादा जुना दगड, यांवर ती ठरे. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी आपल्या वाड्यांतून घरोघर फिरते. काही ठिकाणी शेजारच्या गावची पालखी शिवेवर भेटायला येते आणि भेट झाली की दोन्ही आपापल्या हद्दीत परततात.