मेंदूतली चिप आणि कपाळावरचा पट्टा, दोन्ही एकच का?

मेंदूत न्यूरालिंक कंपनीची चिप बसवलेल्या माणसाने नुसत्या विचाराने बुद्धिबळ खेळल्याचा व्हिडिओ आला की लगेच लोक ऑनलाइन मेंदूच्या लहरी मोजणाऱ्या हेडबँडच्या किमती बघायला लागतात, आपणही विचार करून पंखा लावू, पोराचं अभ्यासात लक्ष लागतंय का ते बघू वगैरे. दोन्हीला ब्रेन कम्प्युटर इंटरफेसच (मेंदूचे सिग्नल कम्प्युटरला जोडणारं यंत्र) म्हणतात म्हटल्यावर गोंधळ होणारच, पण सिग्नल कवटीच्या आतून घेतलाय की बाहेरून यावर जवळपास सगळं ठरतं.

आधी आतलं बघू. अमेरिकेत 2004 साली ब्रेनगेट नावाच्या मेंदूतल्या चिपच्या ट्रायलमध्ये मॅथ्यू नेगल नावाच्या तरुणाच्या मेंदूत साधारण 4 मिलिमीटर बाय 4 मिलिमीटरची चकती बसवली, तिच्यावर शंभरेक बारीक सुया. मानेखालचं शरीर हलत नव्हतं तरी त्याने कर्सर हलवला, टीव्ही चालवला. गंमत अशी की हात लुळा असला तरी हात हलवायचा प्रयत्न केला की मोटर कॉर्टेक्समधल्या (मेंदूचा हालचाल घडवणारा भाग) पेशी त्यांचं काम करतातच, निरोप फक्त मणक्यात अडकतो, तर चिप तो निरोप वरच्या वर पकडते आणि सॉफ्टवेअर त्या पेशंटच्या पॅटर्नवर ट्रेन केलेलं असतं. म्हणजे मनातली गुपितं वगैरे कोणी वाचत नाहीये. 2021 मध्ये स्टॅनफर्डच्या टीमने असंच एका पेशंटला मनातल्या मनात हाताने लिहायला सांगितलं आणि मिनिटाला 90 अक्षरं टाइप झाली. 2024 मध्ये कॅलिफोर्नियात एएलएस (स्नायूंवरचा ताबा हळूहळू जाणारा आजार) झालेल्या, बोलणं जवळजवळ गेलेल्या माणसाच्या मेंदूत 256 इलेक्ट्रोड (सिग्नल टिपणारी बारीक टोकं) बसवले, तो बोलायचा प्रयत्न करायचा आणि शब्द स्क्रीनवर यायचे, 97 टक्क्यांपर्यंत बरोबर, वर कम्प्युटर ते त्याच्या जुन्या आवाजासारख्या आवाजात वाचून दाखवायचा! मला तर न्यूरालिंकच्या बुद्धिबळापेक्षा हे जास्त मोठं वाटतं.

पण याची किंमत म्हणजे कवटी उघडायची, इन्फेक्शनची भीती आहेच. न्यूरालिंकच्या पहिल्या पेशंटला जानेवारी 2024 मध्ये 1024 इलेक्ट्रोड असलेली चिप बसवली आणि काही आठवड्यांत इलेक्ट्रोडचे काही धागे मेंदूतून मागे सरकले, कंट्रोल कमी झाला, मग सॉफ्टवेअर बदलून निभावलं. सिंक्रॉन कंपनी मानेतल्या शिरेतून इलेक्ट्रोडची जाळी मेंदूपर्यंत सरकवत नेते, कवटी उघडत नाही, पण तेही ऑपरेशनच. (पार्किन्सन्ससाठी आपल्याकडेही डीबीएस म्हणजे डीप ब्रेन स्टिम्युलेशन करतात ते यात धरू नका, त्याचं मुख्य काम मेंदूला करंट द्यायचं आहे, विचार ओळखायचं नाही.)

आता बाहेरचं. हेडबँड म्हणजे शेवटी ईईजीच, म्हणजे डोक्याला बाहेरून सेन्सर लावून मेंदूच्या विजेच्या लहरींची नोंद, जे जर्मनीत हान्स बर्गरने 1924 मध्ये माणसावर पहिल्यांदा घेतलं होतं. लाखो पेशींचा एकत्र सिग्नल हाड आणि कातडीतून गाळून येईपर्यंत काही मायक्रोव्होल्ट उरतो, नुसती पापणी मिटली किंवा दात दाबले तरी त्याहून मोठी लाट येते. शेजारच्या फ्लॅटमध्ये भांडण चाललंय हे भिंतीतून कळतं पण कशावरून ते कळत नाही, तसं. डोळे मिटून शांत बसलात की अल्फा लहरी वाढतात, झोप यायला लागली की पॅटर्न बदलतो, एवढं चार सेन्सरच्या म्यूझसारख्या पट्ट्याला बऱ्यापैकी जमतं. मेडिटेशनची सवय लागावी म्हणून घेत असाल तर ठीक आहे. कादंबरी वाचताय की गणित सोडवताय हे मात्र तो खात्रीने सांगू शकत नाही.

म्हणून ईईजी म्हणजे खेळणं असंही नाही हं. जेल लावून भरपूर इलेक्ट्रोडची टोपी घातली की त्याच ईईजीवर फिट्सचं निदान होतं, आणि स्क्रीनवर अक्षरं चमकवून मेंदूच्या प्रतिसादावरून एकेक अक्षर निवडायची सोय 1988 पासून आहे, हळू आहे पण ऑपरेशन नाही.

घोटाळा होतो तो बाहेरच्या पट्ट्यावर आतल्या चिपएवढा विश्वास टाकला की. 2019 मध्ये चीनमधल्या एका प्राथमिक शाळेत मुलांच्या कपाळावर पट्टे लावून लक्ष किती आहे ते मोजत होते, बोंबाबोंब झाल्यावर थांबवलं. आपल्याकडे तर 2008 साली पुण्याच्या कोर्टात खुनाच्या खटल्यात ईईजीवर आधारित बीईओएस टेस्टचा (आरोपीला गुन्ह्याची आठवण आहे का ते लहरींवरून ओळखायचा दावा करणारी टेस्ट) निकाल शिक्षा देताना धरला गेला होता, त्यावर जगभरातून टीका झाली. 2010 मध्ये सेल्वी खटल्यात सुप्रीम कोर्टाने नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग (अशीच ईईजीवरची टेस्ट) संमतीशिवाय करायचं नाही असं सांगितलं.

आणि डेटाचं काय? चिलीतल्या एका माजी सिनेटरने इमोटिव्ह कंपनीचा ईईजी हेडसेट घेतला आणि माझ्या मेंदूचा डेटा कंपनीकडे का म्हणून केस टाकली, 2023 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने तो पुसायला लावला. त्यासाठी हेडसेटला त्याचे विचार वाचता यायची गरजच पडली नाही, नुसत्या लहरींचं रेकॉर्डिंग क्लाउडवर होतं तेवढं पुरलं.