जनुकांच्या जाळ्यातला बाण येतो कुठून?

कोणत्या जनुकाच्या आरएनए-प्रती (त्याच्या माहितीच्या नकला) किती निघाव्यात, हे बऱ्याच अंशी नियामक प्रथिने ठरवतात. ही प्रथिनेही जनुकांवरूनच तयार होतात, म्हणजे जनुकेच जनुकांना चालना देतात किंवा आवरतात. कोण कोणाला चालवतो हे बाणांनी दाखवले, की त्याचे जाळे होते. हे जाळे थेट दिसत नाही. हाती असतो तो आकड्यांचा तक्ता: आडव्या ओळींत जनुके, उभ्या रकान्यांत नमुने आणि प्रत्येक चौकटीत आरएनएचे प्रमाण.

दोन जनुकांचे आकडे सोबत वरखाली होतात का, हे पाहणे सर्वांत सोपे. पण २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ड्रीम-५’ या, अशी जाळी शोधणाऱ्या पद्धतींच्या खुल्या चाचणीतला ई. कोलाय जिवाणूचा तक्ता घ्या. त्यात ४,५११ जनुके, ३३४ संभाव्य नियामक आणि ८०५ नमुने होते. नियामक आणि त्याचे लक्ष्य (तो चालवत असेल असे जनुक) अशा जोड्या झाल्या सुमारे १५ लाख. पाच टक्के चुकीला मुभा देणारी नेहमीची कसोटी लावली, तर कशाचा कशाशी संबंध नसतानाही ७५ हजार जोड्या योगायोगाने उत्तीर्ण होतील.

दुसरी अडचण आडून येणाऱ्या संबंधांची. ‘क’ने ‘ख’ला आणि ‘ख’ने ‘ग’ला चालवले, की ‘क’ आणि ‘ग’ही जोडीने हलतात. २००६ सालची ‘अराक्ने’ ही पद्धत अशा प्रत्येक त्रिकोणातला सर्वांत क्षीण दुवा कापते. मात्र ‘क’ खरोखरच ‘ग’लाही थेट चालवत असेल, तर तो खरा दुवाही कापला जाऊ शकतो, आणि जिवाणूंत अशी रचना दुर्मीळ नाही.

‘जिनी-३’ (२०१०) ही पद्धत प्रश्न उलटा मांडते. एक जनुक लक्ष्य धरायचे, त्याचे प्रमाण सगळ्या नियामकांच्या प्रमाणांवरून निर्णयवृक्षांनी (एकेका नियामकाच्या आकड्यावरून फाटे फोडत अंदाजाशी नेणाऱ्या आराखड्यांनी) वर्तवायचे आणि अंदाज सुधारायला कोणाची किती मदत झाली ते मोजायचे. सहसा १,००० वृक्ष घेतात. प्रत्येक फाट्यावर नियामकांच्या संख्येच्या वर्गमुळाइतकेच, म्हणजे ३३४ पैकी सुमारे १८, यादृच्छिक उमेदवार तपासले जातात. हेच प्रत्येक जनुकासाठी. लक्ष्याचे विचरण (चढउताराचे माप) आधी १ वर आणावे लागते, नाहीतर जास्त चढउतार असलेली जनुकेच यादीत वर चढून बसतात.

हाती पडते ती क्रमवारी, जाळे नव्हे. रेघ कुठे मारायची हे आपण ठरवतो. बाणाची दिशाही मुख्यतः आपण दिलेल्या नियामकांच्या यादीतून येते. दोन्ही टोकांना नियामकच असले, तर तिच्यावर फार विसंबू नये.

काही दुवे तर तक्त्यात उमटतच नाहीत. लॅक दमनकारी प्रथिन ई. कोलायमधली दुग्धशर्करा वापरणारी जनुके बंद ठेवते. त्याचे प्रमाण साधारण स्थिर राहते. दुग्धशर्करेपासून बनलेला रेणू त्याला चिकटला, की ते डीएनएवरून सुटते आणि लक्ष्य जनुके जागी होतात. नियामकाचा आकडा हललाच नाही, तर सहसंबंध दिसणार कसा? ‘ड्रीम-५’मध्ये यीस्टवर बहुतेक पद्धती तोकड्या पडल्या, त्यामागे प्रतींच्या पातळीवर न दिसणारे असे नियमन हे एक संभाव्य कारण मानले गेले.

नमुने वेगवेगळ्या खेपांत तपासलेले असतील, तर आधी खेपेचा परिणाम काढा. नाहीतर एका खेपेत सगळेच आकडे चढतात आणि असंबद्ध जनुके घट्ट जोडलेली भासतात.

‘ड्रीम-५’मध्ये अनेक पद्धतींच्या क्रमवाऱ्या एकत्र केल्यावर निकाल सर्वाधिक भरवशाचे ठरले. त्यातून सुचलेले ई. कोलायमधले ५३ नवे दुवे प्रयोगशाळेत तपासले, तेव्हा २३ना पुष्टी मिळाली. नियामक जनुक बंद पाडून घेतलेले नमुने तक्त्यात असतील, तर दिशेला पहिल्यांदा खरा आधार मिळतो.