'दोन' म्हणजे काय? विश्लेषणात्मक तत्त्वज्ञानामागचं गणित

विश्लेषणात्मक तत्त्वज्ञानाची ओळख आपल्याकडे बहुतेकांना भाषेच्या अंगाने होते. शब्दाला अर्थ कसा येतो, नावाचं आणि वस्तूचं नातं काय, 'आहे' हे क्रियापद किती वेगवेगळ्या कामांना जुंपलेलं असतं, असे ते प्रश्न. त्यामुळे ही परंपरा भाषेच्या कुतूहलातून जन्मली असावी, असा समज सहज होतो. मला तो चुकीचा वाटतो. ही परंपरा अंकगणितात जन्मली. भाषेकडे ती वळली ती नाइलाजाने, कारण 'दोन' म्हणजे नेमकं काय हे सांगायला दुसरी वाटच उरली नव्हती.

एकोणिसाव्या शतकात गणितज्ञ आपलंच घर तपासायला बसले होते. कलनशास्त्र दोनशे वर्षं उत्तम चालत होतं, पण त्यातल्या 'अतिसूक्ष्म' राशी म्हणजे काय ते कुणालाच धड सांगता येत नव्हतं. कोशी आणि वायरश्ट्रास या गणितज्ञांनी 'सीमा' (लिमिट) या कल्पनेची काटेकोर व्याख्या करून ते धुकं हटवलं. १८७२ मध्ये डेडेकिंडने वास्तव संख्या परिमेय संख्यांवरून रचून दाखवल्या. परिमेय संख्या पूर्णांकांवरून रचता येतात. असं एकेक मजला खाली उतरत गेल्यावर शेवटी १, २, ३ उरले. ते कशावर उभे आहेत?

कांटचं उत्तर होतं की अंकगणित आपल्या मनाच्या अंतःप्रतीतीवर, काळाच्या जाणिवेवर उभं आहे. जॉन स्टुअर्ट मिल म्हणत होता की ते अनुभवावर उभं आहे: खडे मांडले, हलवले, पुन्हा मांडले, त्यातून आपण बेरीज शिकलो. येना विद्यापीठात गणित शिकवणाऱ्या गॉटलोब फ्रेगेला दोन्ही उत्तरं मान्य नव्हती. मिलवर तर तो चिडूनच लिहितो: जगातल्या वस्तू खिळ्यांनी ठोकून बसवलेल्या नाहीत हे आपलं नशीब, नाहीतर दोन आणि एक मिळून तीन झालेच नसते!

फ्रेगेचा दावा असा होता की अंकगणित हे तर्कशास्त्रच आहे, फक्त विस्तारलेलं. पण हे सिद्ध करायचं तर तर्कशास्त्र तेवढं सशक्त हवं, आणि अ‍ॅरिस्टॉटलपासून चालत आलेलं उद्देश्य-विधेयाचं तर्कशास्त्र फार तोकडं होतं. 'प्रत्येक संख्येहून मोठी एक संख्या असते' आणि 'एक संख्या प्रत्येक संख्येहून मोठी असते' या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिलं खरं, दुसरं खोटं. जुन्या तर्कशास्त्राजवळ हा फरक नीट मांडायची सोयच नव्हती. फ्रेगेने १८७९ मध्ये एका लहानशा पुस्तकात ती सोय केली. 'बेग्रिफ्सश्रिफ्ट', म्हणजे संकल्पनालिपी, हे त्याचं नाव. आज तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाला जे संख्यापक, म्हणजे 'प्रत्येक' आणि 'एखादा' यांची चिन्हं, शिकवतात ते तिथून आले. पानभर आडव्या-उभ्या रेषांची ती लिपी इतकी विचित्र दिसत होती की समकालीनांनी तिच्याकडे जवळपास पाठच फिरवली.

१८८४ मध्ये त्याने 'अंकगणिताचा पाया' हे पुस्तक लिहिलं, या वेळी चिन्हं टाळून, साध्या जर्मनमध्ये. मला विचाराल तर विश्लेषणात्मक तत्त्वज्ञानातलं एकच पुस्तक वाचायचं असेल तर हे वाचावं. त्यातलं एक उदाहरण पत्त्यांचं आहे. मी तुमच्या हातात पत्त्यांचा कॅट ठेवला आणि म्हटलं, "याची संख्या सांगा." तुम्ही काय सांगाल? कॅट एक आहे, रंग चार आहेत, पाने बावन्न आहेत. हातातली वस्तू तीच, संख्या मात्र तीन. म्हणजे लाल रंग किंवा वजन जसं वस्तूला चिकटलेलं असतं, तशी संख्या वस्तूला चिकटलेली नसते. मग ती मनात असते का? तसंही नाही, नाहीतर तुमचं बावन्न वेगळं आणि माझं वेगळं झालं असतं. फ्रेगेचं उत्तर असं की संख्या संकल्पनेबद्दल असते. 'या कॅटमधलं पान' ही संकल्पना बावन्न वस्तूंना लागू पडते, 'या कॅटमधला रंग' चार गोष्टींना. शून्याचं कोडंही त्याने सुटतं. शुक्राला चंद्र नाहीत, मग 'शून्य चंद्र' हे कशाचं वर्णन? कुठल्याच वस्तूचं नाही. 'शुक्राचा चंद्र' या संकल्पनेखाली काही येत नाही, एवढंच ते वाक्य सांगतं.

आता दोन संकल्पनांखाली येणाऱ्या वस्तूंची संख्या सारखी आहे हे न मोजता कसं ठरवायचं? फ्रेगे इथे जेवणाचं टेबल मांडतो: वाढप्याने प्रत्येक ताटलीशेजारी एक सुरी ठेवली असेल, तर ताटल्या आणि सुऱ्या सारख्या आहेत हे मोजल्याशिवाय कळतं. आपल्याकडची पंगत डोळ्यांपुढे आणा. प्रत्येक पानाशी एकच वाटी, एकही वाटी जास्त नाही, एकही पान वाटीवाचून नाही. शंभर माणसं बसली की दीडशे, हे ठाऊक नसलं तरी पानं तेवढ्याच वाट्या हे पक्कं. 'सारखी संख्या' याचा अर्थ अशी एकास-एक जोडी. यात ना काळाची जाणीव लागते, ना खडे.

याच ठिकाणी भाषेकडे ते वळण आलं. संख्या दिसत नाही, तिची प्रतिमा मनात येत नाही, मग ती आपल्याला कळते तरी कशी? फ्रेगे या प्रश्नाचं रूपच बदलतो. संख्येचा शब्द ज्या वाक्यात येतो त्या वाक्याचा अर्थ काय, असं तो विचारतो. शब्दाचा अर्थ सुटा शोधू नका, वाक्यात शोधा, हा त्याचा दंडक. मायकल डमेट या ब्रिटिश तत्त्वज्ञाने पुढे म्हटलं की तत्त्वज्ञानाने भाषेकडे घेतलेलं वळण नेमकं या परिच्छेदांत आहे. मला ते पटतं. ज्ञानाबद्दलचा प्रश्न वाक्याबद्दलचा प्रश्न झाला, आणि तसं करणं भाग पडलं ते संख्येमुळे.

पुढची वीस वर्षं फ्रेगे हा आराखडा चिन्हांत उतरवत होता. 'अंकगणिताचे मूलभूत नियम' या ग्रंथाचा पहिला खंड १८९३ मध्ये आला. त्याला इतका थंडा प्रतिसाद मिळाला की दुसऱ्या खंडाच्या छपाईचा खर्च त्याला स्वतः सोसावा लागला. तो खंड छापखान्यात असतानाच, १६ जून १९०२ या तारखेचं एक पत्र इंग्लंडहून आलं. लिहिणारा तीस वर्षांचा बर्ट्रांड रसेल. १९०० च्या ऑगस्टमध्ये पॅरिसच्या परिषदेत इटालियन गणितज्ञ पेआनोची चिन्हपद्धती पाहून तो भारावला होता. नंतर कँटरची अनंत संचांवरची सिद्धता तपासताना त्याला एक गोष्ट खटकली. पत्रात आधी मनापासून कौतुक आहे, आणि मग फक्त एकाच ठिकाणी अडचण आली, असं म्हणून तो ती अडचण सांगतो.

ती अडचण अशी. आपल्याकडे नववीच्या गणितात संच शिकवताना सांगतात की ज्या समूहाचे घटक नेमकेपणाने सांगता येतात तो संच. चमच्यांचा संच हा स्वतः चमचा नाही, म्हणून तो स्वतःचा घटक नाही. पण 'चमचा नसलेल्या सगळ्या गोष्टींचा संच' हाही चमचा नाहीच, म्हणजे तो स्वतःचा घटक आहे. आता जे संच स्वतःचे घटक नाहीत अशा सगळ्या संचांचा एक संच करू. अट अगदी नेमकी आहे, तिच्यात मोघम काही नाही. हा नवा संच स्वतःचा घटक आहे का? असेल तर अटीप्रमाणे नसला पाहिजे. नसेल तर अटीप्रमाणे असला पाहिजे. म्हणजे नुसता नेमकेपणा पुरत नाही. प्रत्येक संकल्पनेला तिचा संच मिळतो, हे फ्रेगेच्या पाचव्या मूलनियमातून निघत होतं, आणि तोच नियम विसंगती प्रसवत होता.

फ्रेगेने सहाच दिवसांत, २२ जूनला उत्तर पाठवलं. आपण अवाक झालो आहोत, ज्या जमिनीवर अंकगणित बांधायचं होतं तीच हलली आहे, हे त्याने सरळ कबूल केलं आणि वर हा शोध फार मोलाचा ठरेल असंही लिहिलं. दुसरा खंड १९०३ मध्ये निघाला तो एक परिशिष्ट जोडून. काम पुरं झाल्यावर इमारतीचा पाया हलावा याहून वाईट काही शास्त्रीय लेखकाच्या वाट्याला येत नाही, अशी त्याची सुरुवात आहे. त्यात केलेली दुरुस्तीही टिकली नाही. साठ वर्षांनी, १९६२ मध्ये रसेलने लिहिलं की सत्यनिष्ठेचं असं दुसरं उदाहरण त्याला माहीत नाही. हे वाचून फ्रेगेबद्दल मनात जो आदर दाटतो, तो त्याच्या शेवटच्या काळातल्या डायरीपाशी अडखळतो. तिच्यात कडवा ज्यूद्वेष आहे. फ्रेगेवर आयुष्य वाहिलेला डमेट स्वतः वंशद्वेषाविरुद्ध चळवळ करणारा होता. ती डायरी वाचून बसलेला धक्का त्याने आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत लपवलेला नाही.

विसंगती निस्तरायचं काम रसेलने अंगावर घेतलं. १९०५ मध्ये त्याने 'फ्रान्सचा सध्याचा राजा टकला आहे' या वाक्याची प्रसिद्ध चिकित्सा केली. फ्रान्सला राजाच नाही, मग वाक्य कशाबद्दल? रसेल दाखवतो की व्याकरणात जो कर्ता दिसतो तो वाक्याच्या तार्किक रूपात उरतच नाही. हा लेख आज भाषेच्या तत्त्वज्ञानाचा म्हणून शिकवला जातो, पण रसेलला तो वेगळ्या कामी आला: 'राजा' जसा विरघळवता आला, तसे संचही विरघळवता येतील अशी वाट त्यातून दिसली. आल्फ्रेड नॉर्थ व्हाइटहेडबरोबर लिहिलेल्या 'प्रिन्सिपिया मॅथेमॅटिका'चे तीन खंड १९१० ते १९१३ या काळात आले. १ + १ = २ हे ज्यावरून निघणार ते विधान पहिल्या खंडाच्या ३७९ व्या पानावर येतं. छपाईतल्या तोट्याचा काही भाग रॉयल सोसायटीने उचलला, तरी दोघा लेखकांना खिशातून प्रत्येकी पन्नास पौंड घालावे लागले. विसंगती टळली, पण त्यासाठी जी गृहीतकं घ्यावी लागली, उदाहरणार्थ जगात अनंत वस्तू आहेत हे, त्यांना 'तर्कशास्त्र' म्हणणं कठीण होतं.

याच सुमारास, १९११ मध्ये, पुढे विसाव्या शतकातला मोठा तत्त्वज्ञ ठरलेला लुडविग विट्गेनश्टाईन येनाला फ्रेगेकडे गेला आणि फ्रेगेने त्याला केंब्रिजला रसेलकडे पाठवलं. पुढचा इतिहास बऱ्याच जणांना ठाऊक आहे. गणिताच्या पायाचा प्रश्न त्याला कधीच सोडून गेला नाही. १९३९ मध्ये केंब्रिजला तो या विषयावर वर्ग घेत होता तेव्हा समोर अ‍ॅलन ट्युरिंग बसायचा. विसंगतीला एवढं घाबरायचं कशाला, असं विट्गेनश्टाईन विचारी. गणितात विसंगती राहिली तर उद्या पूल कोसळेल, असं ट्युरिंग बजावी.

दरम्यान डच गणितज्ञ ब्राउवर म्हणत होता की गणित ही मनाची रचना आहे, तर्कशास्त्र तिच्या मागून येतं. जर्मन गणितज्ञ हिल्बर्टला वाटत होतं की गणिताला चिन्हांचा खेळ मानून तो खेळ सुसंगत आहे हे सांत, म्हणजे अनंताचा आधार न घेणाऱ्या, साधनांनी सिद्ध करावं. सप्टेंबर १९३० मध्ये क्योनिग्सबर्गला या सगळ्या पक्षांची परिषद भरली: तर्कवादाच्या, म्हणजे गणित हे तर्कशास्त्रच या फ्रेगे-रसेलच्या मताच्या, बाजूने कार्नॅप, ब्राउवरच्या बाजूने हेटिंग, हिल्बर्टच्या बाजूने फोन नॉयमन. ७ तारखेच्या चर्चेत चोवीस वर्षांच्या कुर्ट गोडेलने शांतपणे सांगितलं की अशा सुसंगत पद्धतीत खरी असूनही सिद्ध न होणारी विधानं असतात. महत्त्व लगेच ओळखलं ते बहुधा एकट्या फोन नॉयमनने. दुसऱ्याच दिवशी त्याच शहरात हिल्बर्टने भाषण केलं: आपल्याला कळलंच पाहिजे, आणि कळेलच.

फ्रेगेचं घर मात्र पुरतं पडलं नव्हतं. १९८३ मध्ये क्रिस्पिन राइट या तत्त्वज्ञाने दाखवून दिलं की अंकगणिताचे नियम मिळवायला पाचवा मूलनियम लागतच नाही. वाट्या-पानांचं ते एक तत्त्व, म्हणजे एकास-एक जोडी लागली की संख्या सारखी, एवढं घेतलं तरी फ्रेगेच्या तर्कशास्त्रातून ते सगळे निघतात. जॉर्ज बूलोसने पुढे हेही दाखवलं की नेहमीचं अंकगणित सुसंगत असेल तर ही मांडणीही सुसंगत आहे. फक्त त्या तत्त्वातून अनंत संख्या अस्तित्वात आहेत असं निघतं, आणि एवढं सांगणाऱ्या तत्त्वाला तर्कशास्त्र म्हणायचं का, यावर राइट आणि बूलोस यांचं शेवटपर्यंत जमलं नाही.