बीपी वाढलंय तर किडनीत रक्त किती जातंय तेही बघायला हवं

जळगाव-भुसावळकडे पोटाची सोनोग्राफी म्हटलं की आधी मुतखडाच आठवतो. उन्हाळ्यात पारा 45 च्या आसपास, शेतात पाणी कमी प्यायलं जातं, त्यामुळे ते साहजिकच आहे. रिपोर्टमधे "दोन्ही किडन्या नॉर्मल" वाचलं की घरचे निश्चिंत होतात, पण साध्या सोनोग्राफीत किडनीचा आकार दिसतो, खडा दिसतो, सूज दिसते, तिच्यात रक्त किती जातंय ते कळत नाही, आणि काही बीपीच्या पेशंटमधे खरं दुखणं नेमकं तिथेच असतं.

दोन्ही किडन्या मिळून वजन 300 ग्रॅमच्या आसपास, पण हृदयातून निघणाऱ्या रक्तातलं 20 ते 25 टक्के त्यांच्याकडे जातं, म्हणजे मिनिटाला लिटरभर! 1934 मधे अमेरिकेतले संशोधक डॉक्टर हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्यांच्या किडनीची धमनी क्लॅम्प लावून थोडी आवळली तर त्यांचं बीपी वाढलं. आपल्या केळीच्या बागेत एका लाईनचा व्हॉल्व्ह अर्धवट बंद झाला, शेवटच्या झाडांना पाणी पोचेना आणि कोणी मोटरचंच प्रेशर वाढवलं तर सगळ्याच नळ्यांवर ताण येईल ना, तसंच हे. किडनीला वाटतं सगळ्या शरीरातच प्रेशर कमी आहे, ती रेनिन नावाचं रसायन रक्तात सोडते, त्यामुळे अँजिओटेन्सिन हे दुसरं रसायन बनतं, त्याने रक्तवाहिन्या आवळतात, मीठ-पाणी अंगात साठतं.

हे बघायला पहिली तपासणी डॉपलर. मशीन सोनोग्राफीचंच, पण वाहत्या रक्तपेशींवरून परतणाऱ्या आवाजाची फ्रिक्वेन्सी बदलते त्यावरून रक्ताचा वेग काढतात. धमनीत तो सेकंदाला 200 सेंटीमीटरच्या वर गेला की ती अरुंद झाल्याची शंका येते. पोटात गॅस असला की नीट दिसत नाही म्हणून उपाशीपोटी बोलावतात, आणि करणाऱ्याचा हात सरावाचा लागतो. सीटी अँजिओत, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या सीटी स्कॅनमधे, धमनी फार स्पष्ट दिसते पण त्याला शिरेतून आयोडीनचा डाय (रक्त स्कॅनमधे उठून दिसावं म्हणूनचं औषध) द्यावा लागतो, आणि आधीच कमजोर असलेल्या किडनीला तो जड जाऊ शकतो.

मला सगळ्यात भारी वाटते ती एमआरआयची एक पद्धत, आर्टेरियल स्पिन लेबलिंग. यात डाय नाहीच! किडनीकडे निघालेल्या रक्तातल्या पाण्यालाच चुंबकीय खूण करायची, एक-दीड सेकंद थांबून फोटो घ्यायचा, मग खुणेशिवायचा दुसरा फोटो घेऊन एकातून दुसरा वजा करायचा, उरतं ते किडनीच्या पेशींपर्यंत पोचलेलं रक्त, 100 ग्रॅममागे मिनिटाला किती मिली या हिशोबात. फरक जेमतेम काही टक्क्यांचा, त्यात श्वासाबरोबर किडनी वरखाली हलते, म्हणून फोटो पुन्हापुन्हा घ्यावे लागतात. अजून ही मुख्यतः संशोधनातच वापरतात, तालुक्याला मिळेल अशी अपेक्षा नको.

प्रत्येक बीपीवाल्याला हे सगळं करायची गरज नाही. पण विशी-पंचविशीतच बीपी खूप वाढलं, तीन-तीन गोळ्यांनी उतरत नाही, किंवा नावाच्या शेवटी 'प्रिल' किंवा 'सार्टन' असलेली बीपीची गोळी सुरू केल्यावर क्रिएटिनिन (किडनीचं काम कमी झालं की रक्तात वाढणारा घटक) एकदम चढलं, तर डॉक्टरांना डॉपलरबद्दल जरूर विचारा. भारतात तरुण पेशंटमधे टाकायासू नावाचा धमनीच्या सुजेचा आजारही सापडतो, आणि तो वेळेवर ओळखणं फार महत्त्वाचं आहे.

मात्र धमनी अरुंद दिसली की लगेच स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळीची नळी), असंही नाही. उतारवयात चरबी साठून अरुंद झालेल्या धमन्यांवर कोरल नावाचा मोठा अभ्यास झाला, 2014 मधे निकाल आला, आणि चांगल्या औषधांच्या जोडीला स्टेंट टाकून हार्ट अटॅक किंवा किडनीचं नुकसान कमी झालं नाही. म्हणूनच आता संशोधक नुसती धमनी किती अरुंद झाली एवढंच बघत नाहीत, तिच्या पलीकडच्या पेशींना रक्त आणि ऑक्सिजन किती मिळतोय तेही एमआरआयने मोजतायत, म्हणजे कोणत्या किडनीला स्टेंटचा खरंच उपयोग होईल हे आधीच ओळखता येईल.