सावित्रीकाठची वीट : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

घर बांधायला घेतलेला माणूस आमच्या भट्टीवर येतो, तेव्हा त्याचा पहिला प्रश्न भावाचा असतो आणि दुसरा, विटा कधी मिळतील हा असतो. दोन्हींची उत्तरे नदी, पाऊस आणि माती यांच्या हाती असल्यामुळे, महाडच्या परिसरात सावित्रीच्या काठी वीट कशी होत आली आहे, हे आम्ही येथे थोडे विस्ताराने सांगत आहोत.

कोकणाला वीट नवी नाही. नालासोपारा येथील बुरूड राजाच्या कोटात १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी उत्खनन केले, तेव्हा तेथे विटांचा स्तूप आणि त्याच्या पोटात दगडी करंडक मिळाला. तरीही पुढे कोकणातली बहुतेक घरे विटांची झाली नाहीत, कारण जांभा हाताशी होता. खाणीतून काढताना मऊ असलेला आणि हवा लागली की कठीण होणारा हा दगड विटेचेच काम करतो. मलबारात त्याचे चिरे कापले जाताना पाहून फ्रान्सिस बुकानन याने १८०७ मध्ये त्याला ‘लॅटराइट’ हे नाव दिले, ते विटेच्या लॅटिन शब्दावरून. रत्नागिरी-सिंधुदुर्गात आजही चिऱ्याचेच बांधकाम अधिक दिसते, आणि ते योग्यच आहे.

वीट रुजली ती उल्हास, पाताळगंगा, अंबा, कुंडलिका, सावित्री अशा नद्यांच्या काठी, जेथे पुराचे पाणी दर पावसाळ्यात बारीक पोयटा पसरून जाते. गावचा कुंभार याच मातीची मडकी आणि नळीची कौले करीत असे. मंगळूरला १८६५ मध्ये बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढला आणि पुढे मंगलोरी कौल कोकणभर पोहोचले, तशी नळीच्या कौलांची मागणी घटत गेली. आमच्या आजोबांनीही कौले सोडून विटा पाडायला घेतल्या.

सगळा पोयटा मात्र विटेच्या कामाचा नसतो. सावित्रीत भरतीचे पाणी खाडीतून बरेच आत, महाडच्या जवळपासपर्यंत येते, आणि ज्या जमिनीला ते शिवते तिच्या मातीत मीठ राहते. याबाबतीत आमच्याकडून एकदा चूक झाली. वाहतुकीला सोयीची म्हणून आम्ही खालच्या अंगाची माती उचलली. वीट दिसायला लालभडक होती, वाजतही खणखणीत होती. दुसऱ्या पावसाळ्यानंतर एका ग्राहकाच्या पडवीच्या भिंतीला लोणा लागला. गिलावा पापुद्र्यांनी सुटू लागला, भिंत खरवडली की नखात पांढरे पीठ येई आणि ते जिभेला खारट लागे. ती भिंत आम्ही स्वखर्चाने उतरवून पुन्हा बांधून दिली. तेव्हापासून नव्या जागेची माती आणली की तिच्या चार विटा आधी भाजतो, त्यांचे एक टोक उथळ पाण्यात उभे ठेवतो आणि सुकल्यावर वर पांढरा थर येतो का ते पाहूनच पुढचे काम करतो.

दसऱ्यानंतर पाऊस ओसरला की कामाला सुरुवात होते. मातीत भाताचा तूस मिसळून ती भिजवतात, तुडवतात, मग साच्यात थापून उन्हात ओळीने मांडतात. भट्टीत हा तूस विटेच्या आतूनच जळतो, त्यामुळे वीट गाभ्यापर्यंत भाजते. मात्र त्याचे प्रमाण वाढले तर तीच वीट पोकळ होऊन पाणी पिते. कच्च्या विटा, कोळसा आणि तूस यांचे थर रचून भट्टी पेटवली की ती कित्येक दिवस धुमसत राहते. जाळाजवळच्या विटा काळपट आणि वेड्यावाकड्या होतात, कडेच्या फिकट राहतात, मधल्या चांगल्या निघतात. एकाच भट्टीतल्या विटांचे भाव वेगवेगळे असतात ते यामुळेच. वैशाखापर्यंत हे काम संपवावेच लागते, कारण अवकाळी सरीची एक रात्रही उघड्यावरच्या कच्च्या विटांची पुन्हा माती करते.

हे सारे काम मुख्यतः कातकरी कुटुंबांच्या हातांनी होते. दिवाळीनंतर ती भट्टीवर येऊन राहतात, आणि आगाऊ उचलीच्या बदल्यात हंगामभर राबण्याची या धंद्यातली जुनी पद्धत त्यांच्या दृष्टीने अतिशय जाचक ठरली आहे. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली, तरी उचलीचा हिशेब तोंडी राहिला की माणूस पुन्हा अडकतो, हे आम्ही जवळून पाहिले आहे. म्हणून आमच्याकडे प्रत्येक कुटुंबाचा हिशेब लेखी असतो, दर आठवड्याला तो वाचून दाखवला जातो आणि मुलांना कामाला लावले जात नाही. भावात या गोष्टीचाही वाटा आहे, आणि तो कमी करण्याची आमची तयारी नाही.

वीट घेताना ती हातात घेऊन पाहावी. दोन विटा एकमेकींवर आपटल्या की धातूसारखा आवाज यावा आणि नखाने ओरखडा उठू नये. कोरडी वीट वजन करून चोवीस तास पाण्यात ठेवावी व पुन्हा वजन करावे. भारतीय मानकानुसार सर्वसाधारण विटेचे वजन वीस टक्क्यांहून अधिक वाढता कामा नये. १९० × ९० × ९० मिलिमीटर या प्रमाणित मापाच्या विटा एका घनमीटर बांधकामाला सुमारे ५०० लागतात. जुन्या नऊ इंची मापाचा हिशेब वेगळा असल्यामुळे मागणी नोंदवताना माप अवश्य सांगावे.

शक्य असेल तेथे जोते जांभ्याचे ठेवून वर वीट लावावी, असे आम्ही सुचवतो. जुलै २०२१ च्या महापुरात ज्यांच्या भिंती पाण्याखाली गेल्या, त्यांपैकी काहींनी घाईने रंग लावला आणि तो वर्षभरात उडाला. भिजलेली भिंत पूर्ण वाळेपर्यंत गिलावा किंवा रंग लावू नये. बांधकामापूर्वी विटा पाण्यात भिजवून घ्याव्यात, म्हणजे त्या सिमेंटच्या गाऱ्यातले पाणी शोषून घेत नाहीत. पावसाळ्यात बांधकाम असेल तर मागणी होळीपूर्वी नोंदवावी, आणि विटा आल्यावर त्या जमिनीवर न ठेवता फळ्यांवर रचून ताडपत्रीने झाकाव्यात.