हेरिफर्ड ते प्राग : जॅरड बोवेनच्या वाटचालीची पार्श्वभूमी

७ जून २०२३ रोजी प्रागमध्ये युरोपा कॉन्फरन्स लीगची अंतिम लढत झाली. समोर इटलीचा फिओरेंटिना, गोलफलक १-१ आणि नव्वदावे मिनिट सुरू. लुकास पाकेटाने बचावफळी भेदणारा पास सरकवला, लंडनच्या वेस्ट हॅम क्लबाचा विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेने आक्रमण करणारा खेळाडू, जॅरड बोवेन त्यामागे एकटाच सुटला आणि गोलरक्षक पुढे येईपर्यंत चेंडू जाळ्यात गेला होता. वेस्ट हॅमला १९८० नंतर पहिल्यांदाच मोठा करंडक मिळाला. त्या रात्री बहुतेकांनी बोवेनची कहाणी जिद्दीची म्हणून सांगितली. जिद्द आहेच. पण नऊ वर्षांपूर्वी हा मुलगा इंग्लिश फुटबॉलच्या पाचव्या स्तरावर खेळत होता, ज्या क्लबाने त्याला उभे केले तो क्लब आज अस्तित्वात नाही आणि ज्या दुसऱ्या क्लबाने त्याला घडवले तो, बोवेन गेल्यावर सहा महिन्यांत, तिसऱ्या स्तरावर कोसळला. बोवेनची चढण समजून घ्यायची तर ही पडझडही सोबत वाचावी लागते.

सुरुवात हेरिफर्डपासून. वेल्सच्या सीमेलगतचे हे शहर पांढऱ्या तोंडाच्या गुरांसाठी जगभर ओळखले जाते. एडगर स्ट्रीट या मैदानाला लागूनच पूर्वी गुरांचा बाजार भरायचा आणि मोठ्या सामन्याआधी खरोखरचा बैल मैदानातून फिरवला जायचा. १९२४ मध्ये स्थापन झालेला हेरिफर्ड युनायटेड अनेक दशके सदर्न लीगमध्ये, म्हणजे व्यावसायिक फुटबॉल लीगच्या बाहेर खेळत होता. त्याला देशभर नाव मिळाले ते ५ फेब्रुवारी १९७२ रोजी. लहानमोठ्या सर्व क्लबांच्या एफए कप या बाद पद्धतीच्या स्पर्धेत, तिसऱ्या फेरीत, तेव्हाच्या सर्वात वरच्या म्हणजे पहिल्या डिव्हिजनमधल्या न्यूकासलशी त्यांनी आधी २-२ अशी बरोबरी साधली होती. एडगर स्ट्रीटवरच्या फेरसामन्यात माल्कम मॅक्डोनल्डने शेवटच्या काही मिनिटांत न्यूकासलला पुढे नेले. मग रॉनी रॅडफर्डने चिखलातून, गोलपासून खूप लांबून मारलेला फटका थेट वरच्या कोपऱ्यात गेला आणि जादा वेळेत रिकी जॉर्जने विजयी गोल केला. पुढच्या फेरीत हेरिफर्डसमोर कोण होते? वेस्ट हॅम. एडगर स्ट्रीटवर सामना गोलशून्य सुटला, लंडनमधल्या फेरसामन्यात जेफ हर्स्टने तीन गोल केले आणि हेरिफर्ड १-३ ने हरला.

त्या विजयाचे खरे फळ मात्र कपमध्ये मिळाले नाही. तेव्हा खालून लीगमध्ये शिरायला गुणतक्ता पुरेसा नव्हता. १८८८ मध्ये बारा क्लबांनी स्थापन केलेली फुटबॉल लीग हळूहळू वाढून १९५८ पासून चार देशव्यापी डिव्हिजनांची झाली होती. चौथ्या डिव्हिजनच्या तळाचे चार क्लब दरवर्षी ‘पुनर्निवडणुकीला’ उभे राहत आणि बाहेरचे इच्छुक क्लब त्यांच्याविरुद्ध अर्ज करत. मते द्यायची लीगमधल्याच क्लबांनी. साहजिकच जुने ओळखीचे चेहरे वर्षानुवर्षे टिकत आणि बाहेरचा क्लब कितीही वेळा आपली लीग जिंको, दार बंदच राहायचे. न्यूकासलला हरवल्यामुळे हेरिफर्डकडे दुर्लक्ष करणे अवघड झाले. १९७२ च्या उन्हाळ्यात मतदान होऊन बॅरो बाहेर पडला आणि हेरिफर्ड आत आला. पहिल्याच वर्षी बढती, १९७६ मध्ये तिसऱ्या डिव्हिजनचे विजेतेपद, मग एक हंगाम दुसऱ्या डिव्हिजनमध्ये. तिथून लगोलग दोन पायऱ्या खाली.

मतदानाची ही पद्धत १९८७ मध्ये संपली. त्या वर्षी स्कारबरो हा गुणांच्या जोरावर थेट लीगमध्ये येणारा पहिला क्लब ठरला आणि लिंकन सिटी थेट बाहेर पडणारा पहिला. एरवी तळटीपेत जाणारी ही नोंद मला फार महत्त्वाची वाटते. खालच्या स्तरावर खेळणाऱ्या मुलासाठी वर जाण्याची वाट दोन प्रकारे उघडते : एक तर मोठा क्लब त्याला विकत घेतो, नाही तर त्याचा स्वतःचा क्लबच वर चढतो. दुसरी वाट खऱ्या अर्थाने खुली झाली ती तेव्हा.

पैशाची गणिते त्याआधीच बदलायला लागली होती. १९६१ पर्यंत इंग्लंडमध्ये फुटबॉलपटूच्या पगाराला आठवड्याला २० पौंडांची कमाल मर्यादा होती. ती हटली. १९६३ मध्ये जॉर्ज ईस्टहॅमच्या खटल्यात न्यायालयाने, करार संपल्यावरही खेळाडूला अडवून ठेवण्याच्या क्लबांच्या पद्धतीवर बोट ठेवले. खेळाडूंच्या बाजूने हे दोन्ही निर्णय न्याय्यच होते. पण ज्या क्लबांकडे पैसा होता त्यांच्याकडे चांगले खेळाडू ओढले जाऊ लागले हेही तितकेच खरे. १९८३ मध्ये लीग सामन्यांच्या तिकीटविक्रीतला पाहुण्या संघाचा वाटा बंद झाला. १९९२ मध्ये वरच्या डिव्हिजनने वेगळे होऊन प्रीमियर लीग स्थापन केली आणि टीव्हीचा पैसा वरच जमा होऊ लागला. १९९५ च्या बोसमन निकालानंतर करार संपलेला खेळाडू शुल्काशिवाय निघून जाऊ लागला. खेळाडू घडवून विकणे हाच ज्यांचा उत्पन्नाचा मार्ग होता, अशा छोट्या क्लबांच्या पायाखालची जमीन प्रत्येक टप्प्यावर थोडी थोडी सरकत गेली.

हेरिफर्ड या काळात वरखाली होत राहिला. ३ मे १९९७ रोजी एडगर स्ट्रीटवर ब्रायटनशी झालेली लढत म्हणजे एका बाजूच्या गच्छंतीचा निकालच होता. सामना १-१ सुटला, ब्रायटन वाचला, हेरिफर्ड लीगबाहेर गेला. २००६ मध्ये ते परतले, २००८-०९ चा हंगाम तिसऱ्या स्तरावर खेळले, २०१२ मध्ये पुन्हा बाहेर. या वेळी कर्ज वाढलेले होते आणि पगार वेळेवर देण्याचीही मारामार होती.

अशा क्लबात बोवेन आला. हेरिफर्डपासून वीसेक किलोमीटरवरच्या लेम्स्टरचा हा मुलगा. मोठ्या अकादमींनी त्याला घेतले नव्हते. हेरिफर्डच्या युवा संघातून २०१४ च्या वसंतात, सतराव्या वर्षी, तो पहिल्या संघात उतरला. याची एक बाजू स्पष्ट सांगायला हवी : पैसे नव्हते म्हणून मुलांना संधी मिळाली. तिजोरी भरलेल्या क्लबाने त्या जागी अनुभवी विंगर आणला असता. हंगामाच्या शेवटच्या दिवशी आल्डरशॉटमध्ये उशिराचा गोल करून हेरिफर्डने पाचव्या स्तरावरची जागा राखली. काही आठवड्यांतच थकबाकी न चुकवल्यामुळे कॉन्फरन्सने, म्हणजे पाचव्या स्तराच्या त्या लीगने, क्लबाला काढून टाकले. बोवेन हल सिटीकडे गेला. हेरिफर्ड युनायटेड दोन पायऱ्या खाली सदर्न लीगमध्ये खेळत असतानाच, डिसेंबर २०१४ मध्ये, उच्च न्यायालयाने क्लब गुंडाळण्याचा आदेश दिला. नव्वद वर्षांचा क्लब हंगामाच्या मध्यावर संपला.

आता थोडे विंगरच्या जागेविषयी, कारण बोवेन कुठल्या परंपरेत बसतो ते त्याशिवाय कळत नाही. इंग्लंडमध्ये सात आणि अकरा नंबरचे खेळाडू म्हणजे प्रेक्षकांचे लाडके. हिवाळ्यात मैदानाचा मध्यभाग आणि गोलसमोरची जागा चिखलाने भरायची, गवत टिकायचे ते कडेलाच, आणि चेंडू पायाशी ठेवून पळता यायचे तेही तिथेच. प्रेस्टनचा टॉम फिनी फुटबॉलसोबत प्लंबिंगचे काम करायचा. स्टॅन्ली मॅथ्यूज १९६१ मध्ये, वयाच्या ४६ व्या वर्षी, दुसऱ्या डिव्हिजनमधल्या स्टोक सिटीकडे परतला तेव्हा आठ हजारांच्या आसपास असलेली प्रेक्षकसंख्या त्याच्या पहिल्या सामन्याला ३५ हजारांवर गेली. स्टोकला त्याने १९६३ मध्ये वरच्या डिव्हिजनमध्ये नेले आणि शेवटचा लीग सामना खेळला तो पन्नाशी गाठून. एका विंगरने खालच्या डिव्हिजनमधल्या क्लबाचे नशीब पालटले, याचे याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही.

मग १९६६ आले. आल्फ रॅम्सीने विंगरशिवायचा संघ घेऊन विश्वचषक जिंकला आणि देशभरातल्या प्रशिक्षकांनी तोच कित्ता गिरवला. कडेच्या खेळाडूने आधी मागे येऊन बचाव करायचा, मग जमले तर पुढे जायचे. खालच्या डिव्हिजनमध्ये तर अंगापिंडाने मजबूत असलेल्यालाच आधी पसंती. तरीही शरीराने लहान किंवा उशिरा वाढणारी, पायात वेग असणारी मुले तळाच्या लीगमधून वर येतच राहिली. क्रिस वॉडल सॉसेजचा मसाला बनवणाऱ्या कारखान्यात काम करत टो लॉ टाउनकडून खेळायचा आणि १९८० मध्ये न्यूकासलने त्याला घेतले.

बोवेनची पिढी वेगळ्या मागणीत वाढली. पूर्वी डावखुरा खेळाडू डावीकडे, रेषेजवळून पळून क्रॉस द्यायला. गेल्या दोन दशकांत डावखुऱ्याला उजवीकडे ठेवण्याची पद्धत रुळली : तो आत वळला की चेंडू आपोआप त्याच्या चांगल्या पायावर येतो आणि समोर गोल दिसतो. बोवेन डावखुरा, आणि जागा उजवी. त्यामुळे विंगरकडून आता आघाडीपटूइतक्या गोलांची अपेक्षा करतात. हलमध्ये तो आधी राखीव संघात राहिला, २०१६-१७ मध्ये त्याला प्रीमियर लीगचे मोजके सामने मिळाले आणि त्याच हंगामाअखेर हल खाली घसरला. क्लबाचे हे नुकसान त्याला मात्र हवे ते देऊन गेले, म्हणजे दर आठवड्याला खेळायची जागा. दुसऱ्या स्तरावर, चॅम्पियनशिपमध्ये, त्याने २०१७-१८ मध्ये १४ आणि २०१८-१९ मध्ये २२ लीग गोल केले. शेहेचाळीस सामन्यांचा तो हंगाम, मंगळवार-शनिवारचे न थांबणारे चक्र. तिथे एका बाजूने सतत धावत राहून २२ गोल करणारा विंगर दुर्मीळच.

३१ जानेवारी २०२० रोजी वेस्ट हॅमने त्याला सुमारे दोन कोटी पौंडांना घेतले. त्याच दिवशी हलचा दुसरा विंगर कामिल ग्रोसिकी वेस्ट ब्रॉमकडे गेला. एका दिवसात संघाच्या दोन्ही बगला रिकाम्या झाल्या. त्यानंतर हलला जिंकणे जवळजवळ जमलेच नाही. जुलैमध्ये विगनने त्यांना ८-० असे चिरडले आणि हल तळाला राहून लीग वनमध्ये, म्हणजे तिसऱ्या स्तरावर, उतरला. विगनही त्याच वर्षी खाली गेला, कारण क्लब आर्थिकदृष्ट्या बुडाल्याने त्याचे १२ गुण कापले गेले. मैदानावर आठ गोल करणारा आणि आठ गोल खाणारा, दोघे एकत्रच घसरले. खालच्या लीगमध्ये खेळ आणि हिशेब किती गुंतलेले असतात ते यातून दिसते.

प्रागमध्ये जिंकलेल्या वेस्ट हॅमच्या संघात मिकेल अँटोनियोही होता. मूळचा विंगर, टूटिंग अँड मिचम युनायटेडसारख्या लंडनच्या छोट्या क्लबातून आलेला. रेडिंग, उसनवारीवर चेल्टनम आणि साउदॅम्प्टन, मग शेफील्ड वेन्सडे, नॉटिंगहॅम फॉरेस्ट असे करत तो २०१५ मध्ये वेस्ट हॅमला पोहोचला आणि पुढे प्रीमियर लीगमध्ये क्लबासाठी सर्वाधिक गोल करणारा ठरला. एकाच आघाडीच्या फळीत दोघे तळातून आलेले. अशी मुले शोधणाऱ्या छोट्या क्लबांना त्याचा मोबदला किती मिळतो? २०१२ पासून लागू झालेल्या युवा विकास योजनेत किशोरवयीन खेळाडूची भरपाई ठरावीक दराने दिली जाते. मोठ्या क्लबांना ती नगण्य वाटते, छोट्यांना अपुरी. वायकमने २०१२ मध्ये अकादमी बंद केली, ब्रेंटफर्डने २०१६ मध्ये. माझ्या मते इंग्लिश फुटबॉलने केलेली ही मोठी चूक आहे. शोधाचे काम तळाशी, नफा माथ्यावर, आणि तळ रिकामा होत चालल्याची चिंता कुणालाच नाही.

हेरिफर्डकरांनी मात्र वाट पाहिली नाही. समर्थकांच्या पाठिंब्यावर हेरिफर्ड एफसी हा नवा क्लब उभा राहिला आणि २०१५ मध्ये नवव्या स्तरापासून सुरुवात करून सलग तीन बढत्या मिळवत सहाव्या स्तरावर पोहोचला. प्रशिक्षक पीटर बीडल, ज्यांनी बोवेनला पहिल्यांदा मैदानात उतरवले तेच. २०१६ मध्ये हा संघ एफए व्हाज या खालच्या स्तरांवरच्या क्लबांच्या कपस्पर्धेच्या अंतिम सामन्यासाठी वेम्बलीवर गेला, हरला, पण सोबत हजारोंनी लोक होते.

आपल्याकडे क्लब बंद पडण्याची कहाणी ओळखीची आहे, पुन्हा उभे राहण्याची वाट नाही. मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये कंपनीने संघच बंद केला. स्टिव्हन डायससारख्या मुंबईकर विंगरला भारतीय संघात असतानाच नवे घर शोधावे लागले. २०१६ मध्ये साळगावकर, डेम्पो आणि स्पोर्टिंग हे गोव्याचे क्लब, राष्ट्रीय लीगची जागा घेतलेल्या आय-लीगमधून बाहेर पडले, कारण इंडियन सुपर लीगकडे जाणारी बढतीची वाटच तेव्हा नव्हती. ती २०२३ मध्ये उघडली आणि पंजाबचा क्लब वर गेला. वरून खाली उतरण्याचा नियम मात्र तेव्हाही आला नाही. पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला डेम्पो गोव्याच्या स्थानिक लीगमध्ये खेळत राहिला, तिसऱ्या स्तराच्या आय-लीग २ मधून बढती मिळवून २०२४-२५ मध्ये आय-लीगमध्ये परतला. मधली आठ वर्षे त्याने आपला युवा विभाग बंद पडू दिला नव्हता.